ख्रिस्ती श्रद्धेतला माणूस: आत्मा, देह आणि मरणानंतरचा मधला काळ

मिस्सात किंवा रविवारच्या उपासनेत म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, एकदा शेवटपर्यंत नीट वाचा. त्यात 'शरीराचे पुनरुत्थान' आहे, 'सार्वकालिक जीवन' आहे. 'आत्मा अमर आहे' हे मात्र कुठेच नाही. निकेयाच्या विश्वासांगीकारातही नाही. तिथेही वाट पाहिली जाते ती मृतांच्या पुनरुत्थानाची. तरी मेल्यावर काय होते असे विचारले, तर बहुतेक ख्रिस्ती माणसे "आत्मा स्वर्गात जातो" एवढेच सांगून थांबतात. हे उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. आणि राहून गेलेले अर्धेच परंपरेला जास्त मोलाचे वाटत आले आहे.

मराठी वाचकाची इथे आणखी एक अडचण होते. 'आत्मा' म्हटले की आपल्या मनात येतो तो अनादी, अजन्मा, शस्त्राने न कापला जाणारा आणि एकामागून एक शरीरे बदलणारा आत्मा. ख्रिस्ती लेखक शब्द तोच वापरतात, पण त्यांचा आत्मा देवाने निर्माण केलेला आहे, म्हणजे त्याला सुरुवात आहे. तो देवाचा अंश नाही. आणि त्याचे शरीर एकच असते, दुसरे मिळत नाही. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे वाद कशासाठी चालले आहेत तेच कळत नाही.

मातीपासून सुरुवात

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात (2:7) देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत प्राणी होतो. आधी तयार असलेला आत्मा आणून देहात बसवला, असे तिथे म्हटलेले नाही. माती आणि श्वास मिळून जे झाले तोच माणूस. 'जिवंत प्राणी' यासाठी असलेला हिब्रू शब्दप्रयोग पहिल्या अध्यायात माशांना आणि गुराढोरांनाही लावला आहे. त्यातल्या 'नेफेश' या शब्दाचा एक अर्थ चक्क घसा असा होतो. गणना 6:6 मध्ये तर मेलेला नेफेश म्हणजे प्रेत. अविनाशी तत्त्वाला कुणी मेलेले म्हणत नाही. आपण 'जीव गेला', 'जीव वाचला', 'दहा जीव खाणारे घरात' म्हणतो, तेव्हाचा 'जीव' या शब्दाच्या बराच जवळ जातो.

जुन्या कराराच्या बहुतेक भागात मेलेले शेओल नावाच्या अंधाऱ्या, निःशब्द जागी जातात. तिथे बक्षीस नाही, शिक्षाही ठळक नाही. मेलेले पुन्हा उठतील ही आशा स्पष्टपणे दिसते ती दानिएलाच्या बाराव्या अध्यायात. येशूच्या काळी यावर यहुद्यांमध्ये उघड दोन पक्ष होते: परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. या एका मुद्द्यावर येशू परूश्यांच्या बाजूने उभा राहिला.

नंतर ही शिकवण ग्रीक जगात गेली आणि घोटाळा तिथे सुरू झाला. प्लेटोच्या शिष्यांना आत्म्याचे अमरत्व सहज पटत होते. त्यांच्या लेखी देह हीच कैद. त्यातून सुटका झाल्यावर कुणी पुन्हा तिथे कशाला जाईल? अथेन्सच्या अरियपग या टेकडीवर प्रेषित पौल बोलत होता तेव्हा श्रोते बराच वेळ शांतपणे ऐकत होते. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघाला तशी काहींनी त्याची थट्टा सुरू केली (प्रेषितांची कृत्ये 17:32).

पौलाचे सविस्तर उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात आहे. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप एकच, पण रूप वेगळे, असा त्याचा दाखला. तिथे 'आत्मिक शरीर' असा शब्द येतो आणि वाचकांची नेहमी तिथेच गल्लत होते. आत्मिक शरीर म्हणजे धुक्याचे, पारदर्शक, भुतासारखे शरीर नव्हे. आत्ताचे शरीर नैसर्गिक जिवाने चालते, तेव्हाचे पवित्र आत्म्याने चालेल, एवढाच फरक पौल सांगतो आहे. ते कशाने चालते हे त्या विशेषणातून कळते. ते कशाचे बनले आहे याबद्दल ते विशेषण काही सांगत नाही.

दुसरी गल्लत 'देह' या शब्दाची. पौल 'देहाची कर्मे' म्हणून निंदा करतो, तेव्हा शरीर वाईट आणि आत्मा चांगला असा सरळ अर्थ लावून कित्येक पिढ्यांनी शरीराला छळले. गलतीकरांस पत्र 5:19–21 मधली यादीच वाचावी. त्यात जारकर्म आणि दारूबाजी आहे, पण मूर्तिपूजा, वैर, मत्सर, तट आणि फूटही आहे. मत्सर करायला शरीर फारसे लागत नाही. 'देह' म्हणजे इथे देवाकडे पाठ फिरवलेला अख्खा माणूस, बुद्धीसकट.

दोन भाग की तीन?

हा वाद प्रत्यक्षात वाटतो तेवढा खोल नाही, म्हणून थोडक्यात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (5:23) 'आत्मा, जीव व शरीर' असे तीन शब्द येतात. त्यावरून माणसाचे तीन भाग मानणारा एक विचार आहे; पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या प्रवचनांत तो वारंवार ऐकू येतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट परंपरा दोनच मानतात: देह आणि आत्मा. तीन भागांविरुद्ध सगळ्यात साधा आक्षेप मार्क 12:30 मधला. तिथे देवावर प्रीती करायची ती अंतःकरणाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने. म्हणून माणसाचे चार भाग कुणी करत नाही. असे शब्द एकापुढे एक मांडण्याचा हेतू 'सगळ्या सगळ्याने' एवढाच असतो.

ख्रिस्तावर झालेली परीक्षा

माणूस म्हणजे नेमके काय, हे ख्रिस्तसभेला ठरवावे लागले ते येशूमुळे. चौथ्या शतकात लावदिकियाचा बिशप अपोल्लिनारिस याने एक सोपा तोडगा सुचवला: येशूचे शरीर माणसाचे, पण विवेकी मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवाचा पुत्र. देव आणि माणूस यांची सांगड कशी बसली, हा प्रश्न याने झटक्यात सुटतो. पण सुटतो तो माणूस अर्धा करून. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: जे ख्रिस्ताने धारण केले नाही, ते बरे झाले नाही. आपले मनच जास्त बिघडलेले, आणि तेच त्याने घेतले नाही म्हणता? 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने अपोल्लिनारिसचे मत फेटाळले. 451 मध्ये कॅल्सेडनच्या धर्मसभेने ख्रिस्ताला 'विवेकी आत्मा आणि शरीर' असलेला खरा माणूस म्हटले.

'व्यक्ती' ही कल्पनाही याच वादात घडली. निसर्ग किंवा स्वभाव सांगतो 'काय आहे', व्यक्ती सांगते 'कोण आहे'. ख्रिस्तात मानवी शरीर आहे, मानवी आत्मा आहे, तरी व्यक्ती एकच, देवाचा पुत्र. आता आत्मा म्हणजेच व्यक्ती असे धरले, तर ख्रिस्तात मानवी आत्मा असल्यामुळे दोन व्यक्ती होतात, आणि ते मत तर 431 मध्ये एफिससच्या धर्मसभेने नाकारलेले. म्हणून ख्रिस्ती विचारात 'माझा आत्मा' आणि 'मी' यांची सरळ बरोबरी करता येत नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियस या रोमन विचारवंताने केलेली व्याख्या पुढे हजार वर्षे चालली: व्यक्ती म्हणजे विवेकी स्वभाव असलेली एक स्वतंत्र सत्ता. त्याने 'विवेकी स्वभाव' म्हटले आहे. 'विवेक वापरत असलेली' असे म्हटलेले नाही. या फरकावर आज इस्पितळांत काय घडते, ते पुढे येईलच.

अक्विनासचा 'मी'

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने ॲरिस्टॉटलची भाषा घेऊन हे सगळे जुळवले. त्याच्या मते आत्मा ही देहात राहणारी दुसरी वस्तू नाही. या मांसहाडांना जिवंत मानवी शरीर बनवणारे रूप म्हणजे आत्मा. झाडात वाढण्याची, प्राण्यात पाहण्या-ऐकण्याची आणि माणसात विचार करण्याची शक्ती असते. पण माणसात तीन आत्मे नसतात, एकच आत्मा ही तिन्ही कामे करतो. तो डोक्यात बसलेला नाही, हृदयातही नाही. शरीराच्या प्रत्येक भागात तो पूर्णपणे असतो. आत्मा निघून गेल्यावर उरलेल्या डोळ्याला 'डोळा' म्हणणे हे चित्रातल्या डोळ्याला डोळा म्हणण्यासारखेच. 1312 मध्ये व्हिएन्नच्या धर्मसभेने आत्मा हे शरीराचे रूप आहे ही शिकवण अधिकृत केली.

याचा फायदा असा की मेंदूला मार बसला की विचार का बिघडतो, याचे उत्तर द्यायला अक्विनासला धडपडावे लागत नाही. त्याच्या मते माणसाची बुद्धी इंद्रियांनी आणलेल्या प्रतिमांवाचून चालत नाही आणि त्या प्रतिमांना शारीरिक अवयव लागतात. तोटाही इथेच आहे. बुद्धीला शरीर लागते, तर मेल्यावर आत्मा विचार कशाच्या जोरावर करतो? अक्विनास सांगतो की आत्मा टिकतो, पण ती स्थिती त्याच्या स्वभावाला धरून नाही. देवाच्या विशेष साहाय्याने तो तेव्हा जाणतो. करिंथकरांस पहिल्या पत्रावरच्या भाष्यात तो स्वच्छ लिहितो: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.

हे वाक्य त्याने शेवटपर्यंत निभावले का, हे पाहायला एक मजेदार जागा आहे. संतांना प्रार्थना करण्याबद्दल लिहिताना तो स्वतःविरुद्ध आक्षेप मांडतो: पेत्राचा आत्मा म्हणजे पेत्र नाही. मग पुनरुत्थान होईपर्यंत 'संत पेत्रा, आमच्यासाठी विनंती कर' असे कसे म्हणायचे? 'संत पेत्राच्या आत्म्या' म्हणायला हवे ना? त्याचे उत्तर असे की लोक संतांना ज्या नावाने ओळखत होते त्याच नावाने हाक मारतात, आणि त्या हाकेत पुनरुत्थानावरची श्रद्धाही येते. उत्तर थोडे निसटते आहे. आजही अक्विनासच्या अभ्यासकांत दोन गट आहेत. मेल्यावर व्यक्ती संपते आणि पुनरुत्थानाला पुन्हा असते, असे एक म्हणतात. व्यक्ती टिकते, पण लंगडी होऊन, असे दुसरे. आम्हाला पहिले वाचन त्याच्या शब्दांना जास्त इमानी वाटते, पण दुसऱ्या गटाचा आक्षेपही खरा आहे: ज्याने पाप किंवा पुण्य केले तो 'मी' मधल्या काळात नसेल, तर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत, शिक्षा कोण भोगतो?

मधला काळ

ख्रिस्ती पंथांत या विषयावर जे खरोखरचे मतभेद आहेत, ते बहुतेक इथे आहेत. माणूस आज मेला, पुनरुत्थान शेवटच्या दिवशी. मध्ये काय?

या प्रश्नाने एका पोपलाही अडचणीत आणले होते. 1331 च्या सर्व संतांच्या सणापासून पोप जॉन बाविसावे आव्हिन्यॉनमध्ये प्रवचनांतून सांगू लागले की संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचे थेट दर्शन होत नाही. धर्मपंडितांत गदारोळ उठला. 1334 मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांच्यानंतरचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये निर्णय दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना देवाचे दर्शन पुनरुत्थानाआधीच होते. कॅथलिक शिकवण आजही तीच आहे. शुद्ध व्हायचे राहिलेल्यांसाठी शुद्धिस्थान आहे. 2 नोव्हेंबरला वसईत, गोव्यात, मुंबईत दफनभूमी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी मिस्सा होतो, तो याच शिकवणीवर उभा आहे. ऑर्थोडॉक्स मंडळी मृतांसाठी तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करतात, पण शुद्धिस्थानाची कॅथलिक मांडणी मानत नाहीत.

प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान नाकारले आणि मग आपसांत वाद घातला. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर मरणाला पुष्कळदा गाढ झोप म्हणतो. आत्मे झोपतात या मताविरुद्ध काल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाने तरुणपणीच एक आख्खी पुस्तिका लिहिली. 1640 च्या दशकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या वेस्टमिन्स्टर कबुली या प्रोटेस्टंट श्रद्धापत्राने आत्मे 'मरत नाहीत आणि झोपतही नाहीत' असे लिहून वाद मिटवायचा प्रयत्न केला. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मात्र वेगळा आत्मा मानतच नाहीत. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत कसलीही जाणीव नसलेल्या स्थितीत असतो आणि अमरत्व ही देवाने द्यायची देणगी आहे, जन्मजात गुण नव्हे.

त्यांना नेहमी दाखवले जाणारे वचन म्हणजे लूक 23:43. वधस्तंभावरच्या पश्चात्ताप केलेल्या चोराला येशू म्हणतो: मी तुला खरे सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. ॲडव्हेंटिस्ट स्वल्पविराम हलवतात: मी तुला आज खरे सांगतो, तू असशील. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळपास नसतातच, त्यामुळे हा डाव नियमबाह्य नाही. पण 'मी तुला खरे सांगतो' हे येशूचे ठरलेले पालुपद आहे आणि इतर ठिकाणी त्याला कुठे 'आज' जोडलेला नाही. म्हणून बहुतेक भाषांतरकार स्वल्पविराम आधीच ठेवतात.

1955 मध्ये ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने हार्वर्डमधल्या व्याख्यानात आत्म्याचे अमरत्व आणि मृतांचे पुनरुत्थान या दोन वेगळ्या कल्पना समोरासमोर उभ्या केल्या. सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो. येशू गेथशेमानेत व्याकूळ होतो. कारण येशूच्या लेखी मरण हा शत्रू आहे. कुलमानची मांडणी थोडी ताणलेली आहे, पण तिच्यानंतर हा विषय पूर्वीसारखा ढोबळपणे शिकवता येईनासा झाला. आज नॅन्सी मर्फीसारखे ख्रिस्ती विचारवंत वेगळा आत्मा न मानताही पुनरुत्थान मानतात, तर रिचर्ड स्विनबर्न देहाहून वेगळ्या आत्म्याची बाजू लढवतात.

आत्मा येतो कुठून?

ओरिजेन हा ख्रिस्ती विचारवंत तिसऱ्या शतकात म्हणत होता की आत्मे देहाआधी होते. 553 च्या सुमारास हे मत बाद झाले आणि पुनर्जन्माचा रस्ताही त्याबरोबर बंद झाला. उरले दोन पर्याय: तेर्तुल्यनचा, की शरीरासारखाच आत्माही आईबापांकडून येतो, आणि दुसरा, की प्रत्येक आत्मा देव नव्याने निर्माण करतो. मूळ पाप, म्हणजे आदामापासून आलेले पाप, वारशाने कसे येते हे पहिल्याने नीट उलगडते, म्हणून ऑगस्टीन शेवटपर्यंत डळमळीत राहिला. कॅथलिकांनी दुसरा पर्याय पक्का केला. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून.

या मुद्द्यावर एक महत्त्वाचा वाद आपल्याकडचाही आहे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला, नाव नेहेम्या झाले. 1860 च्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी आत्म्याच्या अनादित्वावरच बोट ठेवले. शून्यातून निर्माण करणे ईश्वराला अशक्य का मानायचे, असा त्यांचा दर्शनकारांना सवाल होता. दोन्ही परंपरा आतून जाणणाऱ्या माणसाने वादाची नेमकी जागा हेरली होती.

इस्पितळ आणि दफनभूमी

गर्भाचा प्रश्न आधी. ॲरिस्टॉटलला धरून अक्विनास मानत असे की विवेकी आत्मा काही आठवड्यांनी येतो. मुलग्यासाठी 40 दिवसांचा जुना आकडा होता. आजचे कॅथलिक मत गर्भधारणेपासूनच गर्भाला व्यक्ती म्हणून वागवा असे सांगते. पण 1987 च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने आत्मा नेमका कधी येतो यावर तात्त्विक निवाडा मुद्दामच टाळला. अडचण जुळ्यांची आहे: साधारण 14 दिवसांपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात आणि आत्म्याचे तर तुकडे होत नाहीत. दुसऱ्या भ्रूणाला देव नवा आत्मा देतो, असे त्यावर उत्तर दिले जाते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत यावर एकमत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीची गोष्ट वेगळी, आणि तिथे बोएथियसची व्याख्या कामाला येते. 1694 मध्ये जॉन लॉकने व्यक्तीची ओळख जाणिवेशी आणि आठवणीशी जोडली. तो निकष कडक लावला तर मुलांना न ओळखणारी आई हळूहळू 'व्यक्ती' उरत नाही. ख्रिस्ती परंपरेत ती विवेकी स्वभावाचीच आहे, फक्त तो स्वभाव वापरता येत नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे असे बायबल म्हणते; त्या प्रतिरूपाचा अर्थ केवळ बुद्धी असा लावणाऱ्यांना मात्र इथे अवघड जाते. म्हणूनच विसाव्या शतकात कार्ल बार्थने प्रतिरूपाचा अर्थ नात्यात शोधला.

यातून यंत्रे कधीच बंद करू नयेत असा अर्थ निघत नाही. 1957 मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पायस बारावे यांनी सांगितले की असाधारण उपचार चालू ठेवणे बंधनकारक नाही आणि मृत्यूचा क्षण ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. 2000 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा निकष मान्य करून अवयवदानाला पाठिंबा दिला. पुनरुत्थानाच्या वेळी मूत्रपिंड कमी पडेल ही भीती निराधार आहे. नरभक्षकाने खाल्लेले मांस शेवटी कुणाचे, हा प्रश्न ऑगस्टीननेच सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी घेऊन निकालात काढला होता.

दहनाचे नियम लोकांना वाटतात त्यापेक्षा सैल आहेत आणि राखेचे कडक. कॅथलिकांना 1963 पासून दहनाची परवानगी आहे. ऑर्थोडॉक्स अजून सहसा देत नाहीत. जागेच्या टंचाईमुळे मुंबईत आणि गोव्यात काही वर्षांनी कबर पुन्हा उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात, तसाच कोनाडा राखेलाही चालतो. 2016 च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार राख नदीत किंवा समुद्रात सोडायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, लॉकेटात घालायची नाही. घरी ठेवायची परवानगी फक्त अपवाद म्हणून. 2023 मध्ये मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी थोडीशी राख ठेवण्याची मुभा मिळाली, तीही धर्माधिकाऱ्यांना विचारून. निसर्गात विलीन होणे किंवा देहाच्या कैदेतून सुटणे अशी ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धची कारणे उघडपणे सांगून कुणी राख विखुरायची इच्छा लिहून ठेवली असेल, तर त्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारावा असेही 2016 च्या सूचनेत आहे. त्यामुळे अस्थिविसर्जनाचा बेत असलेल्या कुटुंबाने फादरशी आधीच बोलून घ्यावे.